‘मग डॉक्टरच का नाही?’



गेल्या जूनमध्ये एका मित्राच्या घरी मुलीची ग्रॅज्युएशन पार्टी होती. बॅकयार्डमध्ये तंबू, पॉटलकची पावभाजी, पोरांचा दंगा, सगळे नेहमीसारखे. केक कापून झाल्यावर कोणीतरी विचारले, "मग, पुढे काय ठरवलंस?" मुलगी म्हणाली, "नर्सिंग. बीएसएनला अ‍ॅडमिशन मिळालीय. मला एनआयसीयूमध्ये काम करायचंय." क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग एक काका म्हणाले, "अगं, एवढे मार्क आहेत तर मेडिकललाच जा ना!" एका मावशींनी सांभाळून घेतले, "आता नर्सिंग कर, पुढचं पुढे बघू." तिची आई जिलबीचे ताट घेऊन उठली आणि विषय तिथेच संपला.

आम्ही दोघेही तिथे होतो, आणि आम्हीही गप्प बसलो. खरे तर गप्प बसायचा आम्हाला काडीचाही अधिकार नव्हता. २०१९ साली आमचा मुलगा एकोणतीस आठवड्यांचा असतानाच जन्माला आला. वजन ११५० ग्रॅम. बावन्न दिवस तो एनआयसीयूत होता. एका रात्री मॉनिटरवरचे सगळे आकडे व्यवस्थित असताना त्याच्या नर्सने त्याचे पोट पाहिले, हात लावला, पुन्हा पाहिले, आणि दूध देणे थांबवून प्रॅक्टिशनरला बोलावले. पोट किंचित फुगले होते आणि कातडीचा रंग तिला आवडला नव्हता. आतड्याच्या गंभीर आजाराची ती सुरुवात होती. वेळेत कळले म्हणून अँटिबायोटिकवर भागले, ऑपरेशनची वेळ आली नाही. तो मुलगा त्या पार्टीत पावभाजी सांडत फिरत होता, आणि आम्ही मात्र तोंडाला कुलूप लावून उभे!

त्या मुलीची क्षमा मागायची म्हणून, आणि असाच प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात येऊ शकतो म्हणूनही, आम्ही या विषयाची जरा माहिती जमवली. त्यातच २०२५ मध्ये अमेरिकेत नर्सिंगच्या शिक्षणाशी थेट संबंध असलेला कायदा झाला आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आता नर्सिंग प्रोफेशनच राहिले नाही" असे मेसेज फिरू लागले. तेव्हा म्हटले, नीट लिहावे.

एनआयसीयूतली नर्स करते काय?

आपल्या डोक्यात नर्स म्हणजे ताप मोजणारी, इंजेक्शन देणारी आणि "व्हिजिटर्स बाहेर" म्हणणारी सिस्टर. एनआयसीयूचे काम याहून फार वेगळे आहे. अमेरिकेत जन्मणाऱ्या दर दहा बाळांपैकी साधारण एक बाळ सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी येते. या बाळांची काळजी कुठे घ्यायची यासाठी एक ते चार अशा पातळ्या आहेत. पहिली पातळी म्हणजे निरोगी बाळांची साधी नर्सरी. बत्तीस आठवड्यांच्या आतली किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाची बाळे तिसऱ्या पातळीवर जातात. जन्मजात व्यंगांच्या मोठ्या शस्त्रक्रिया चौथ्या पातळीवर होतात.

आता जरा हिशेब पाहा. लहान बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे आमच्या मुलाच्या अंगात त्या दिवशी जेमतेम एका कटिंग चहाएवढे रक्त होते! तपासणीसाठी घेतलेला प्रत्येक थेंब हिशेबात धरावा लागतो. औषधाच्या डोसमध्ये दशांश चिन्ह एक घर सरकले तर काय होईल हे आपल्या कोडमधल्या बगसारखे नंतर पॅच करता येत नाही. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका आणि जास्त झाला तर डोळ्यांना. १९४० च्या दशकात आणि पन्नाशीच्या सुरुवातीला जास्तीच्या ऑक्सिजनमुळे हजारो बाळांची दृष्टी गेली, आणि कारण सिद्ध व्हायला १९५४ साल उजाडले. आज ऑक्सिजन ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याचे हे काम मिनिटामिनिटाला करते ती नर्स. डॉक्टर राऊंडला येतात, निर्णय घेतात, पुढच्या बाळाकडे जातात. बाळाजवळ बारा तास असते ती नर्सच.

शिवाय बाळाबरोबर आणखी दोन रुग्ण असतात, आई आणि बाबा. वायरींच्या जाळ्यातून बाळ उचलून आईच्या उघड्या छातीवर ठेवणे, म्हणजे ‘कांगारू’ पद्धत, आम्हाला एका नर्सनेच शिकवली. "घाबरू नका, तो तुमचाच आहे" एवढेच ती म्हणाली होती. ते वाक्य आम्ही विसरणार नाही.

हे शास्त्र कोणी उभे केले?

"नर्स फक्त डॉक्टर सांगतील ते करते" हा आपला दुसरा गैरसमज. शिकागोच्या सारा मॉरिस हॉस्पिटलमध्ये १९२२ साली डॉ. ज्युलियस हेस यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी खास विभाग काढला. तो नावारूपाला आणला एव्हलिन लुंडीन या नर्सने. स्वच्छता, ऊब, दूध पाजण्याची पद्धत आणि कमीत कमी हाताळणी यांची तिची शिस्त इतकी कडक होती की डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत.

दुसरे उदाहरण आपल्या घराघरांतले आहे. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आपण पाहिले असेल. आजी म्हणते, "कोवळ्या उन्हात धरा." याचा शास्त्रीय शोध १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये लागला, आणि तो लावला सिस्टर वॉर्ड यांनी. त्या बाळांना उन्हात अंगणात नेत असत. एका बाळाची कातडी बाकी सगळीकडे फिकी झाली होती, पण जिथे चादरीचा कोपरा अंगावर होता तेवढाच त्रिकोण पिवळाजर्द राहिला होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला. १९५८ मध्ये त्यावर ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला आणि प्रकाशाने काविळीचा उपचार सुरू झाला. सुरुवात कुठून झाली? एका नर्सच्या नजरेतून.

आणि तिसरे उदाहरण आपल्या गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर अँटिबायोटिकचे इंजेक्शन देणे, हे सगळे या आरोग्यदूत घरी जाऊन करू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गावांमधले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. तिथे इनक्युबेटर नव्हते, व्हेंटिलेटर नव्हते. होता तो शिकवलेला हात आणि लक्ष. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, तीही आशियातली पहिली. नवजात बाळांच्या बाबतीत महाराष्ट्राकडे अभिमानाने सांगण्यासारखे बरेच आहे. मग आपल्याच मुलीने हे काम निवडले की आपल्याला जिलबी का आठवते?

रस्ता कसा आहे?

ज्यांच्या घरी हायस्कूलमधली मुले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

१) चार वर्षांची बीएसएन ही पदवी, किंवा कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी. दोन्हींनंतर ‘आरएन’ होता येते. पण मोठी हॉस्पिटल्स, विशेषतः एनआयसीयूसाठी, बीएसएनला प्राधान्य देतात. न्यूयॉर्क राज्यात तर २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन करणे बंधनकारक केले आहे. ज्यांच्याकडे आधीच दुसरी पदवी आहे त्यांच्यासाठी वर्ष-दीड वर्षाचे जलद बीएसएनही असते.

२) त्यानंतर एनक्लेक्स ही परीक्षा. प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी नसते, उत्तरांप्रमाणे संगणक पुढचा प्रश्न निवडतो. एप्रिल २०२३ पासून तिचे नवे रूप आले आहे, त्यात पाठांतरापेक्षा रुग्णाच्या प्रसंगावरून निर्णय घेण्यावर भर आहे. लायसन्स राज्याचे मिळते. चाळीसहून अधिक राज्यांमध्ये करारामुळे एकच लायसन्स चालते, मात्र कॅलिफोर्निया त्या करारात नाही.

३) काही हॉस्पिटल्स नव्या नर्सला थेट एनआयसीयूत घेतात, काही आधी दुसऱ्या विभागाचा अनुभव मागतात. घेतल्यावरही काही महिने अनुभवी नर्सच्या हाताखाली काम करावे लागते. नवजात बाळाचे पुनरुज्जीवन कसे करायचे याचा एनआरपी हा कोर्स जवळपास सगळीकडे लागतोच.

४) दोन वर्षे आणि किमान दोन हजार तास काम झाले की ‘आरएनसी-एनआयसी’ हे विशेष प्रमाणपत्र घेता येते.

५) त्यापुढे मास्टर्स किंवा डॉक्टरेट करून निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर होता येते. ही मंडळी बाळ तपासतात, औषधे लिहून देतात, श्वासनलिकेत नळी घालतात. त्या रात्री आमच्या मुलासाठी धावत आली ती अशीच एक प्रॅक्टिशनर. या शाखेचा पाया १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्याबरोबर घातला. फोर्डबाई जानेवारी २०२५ मध्ये १०४ व्या वर्षी गेल्या.

"नर्सिंग म्हणजे सहज मिळणारी अ‍ॅडमिशन" असेही कोणी समजू नये. शिक्षक आणि प्रत्यक्ष अनुभवाच्या जागा कमी असल्याने २०२३ साली नर्सिंग कॉलेजांनी ६५ हजारांहून अधिक पात्र अर्ज परत पाठवले. एकीकडे नर्सेस कमी आहेत म्हणून ओरड आणि दुसरीकडे शिकायला तयार असलेल्यांना जागा नाही, असा हा उलटा प्रकार!

२०२५ च्या कायद्याने काय बदलले?

आता त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजकडे वळू. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’वर सही केली. त्यात पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याची तरतूद आहे आणि अंमलाची तारीख १ जुलै २०२६ अशी ठरवली आहे. त्याऐवजी दोन मर्यादा घातल्या. साध्या ग्रॅज्युएट अभ्यासक्रमाला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर. ‘प्रोफेशनल’ अभ्यासक्रमाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर. प्रश्न आला तो ‘प्रोफेशनल’ म्हणजे कोण याचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीने जी व्याख्या मान्य केली तीत डॉक्टर, दंतवैद्य, वकील, पशुवैद्य, फार्मसी वगैरे होते, धर्मशास्त्रही होते, पण नर्सिंग नव्हते. नर्सेसच्या संघटना साहजिकच खवळल्या. आपल्या ग्रुपवर आलेला मेसेज त्यातलाच.

आमच्या मते यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पहिली, ही व्याख्या कर्जाच्या मर्यादेपुरती आहे. बीएसएनच्या विद्यार्थिनीचे कर्ज त्यात येत नाही, लायसन्स बदलत नाही, नोकरी बदलत नाही. म्हणजे आपल्या पार्टीतल्या मुलीला आज काही फरक पडत नाही. दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. तिला पुढे प्रॅक्टिशनर व्हायचे असेल किंवा नर्सिंग कॉलेजात शिकवायचे असेल, तर महागड्या विद्यापीठाची पूर्ण फी या कर्जात बसेलच असे नाही. मग उरते ते खाजगी कर्ज, किंवा नोकरी करत करत हळूहळू शिकणे, किंवा हॉस्पिटलची शिक्षणमदत. शिक्षक कमी म्हणून अर्ज परत जातात हे आपण वर पाहिले. शिक्षक होण्याची वाट आणखी अवघड केली तर ती कमतरता वाढणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा?

आणखी एक धागा. या देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी साधारण चार मेडिकेडच्या पैशावर होतात. त्याच कायद्याने मेडिकेडच्या खर्चालाही कात्री लावली आहे. हॉस्पिटलांचे उत्पन्न घटले की पहिली गदा बहुधा लहान गावांतल्या प्रसूती विभागावर येते. बाळे अपुऱ्या दिवसांची यायची ती येणारच, फक्त त्यांना घेऊन जाणारी अँब्युलन्स लांबून येईल.

दुसरी बाजूही पाहू

पगाराचे म्हणाल तर सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये आरएनचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता, आणि प्रॅक्टिशनर वगैरे वरच्या पदांचा एक लाख ३० हजारांच्या वर. डॉक्टरची बारा-पंधरा वर्षे आणि डोंगराएवढे कर्ज पाहता हा हिशेब वाईट नाही. पण नुसते पैसे पाहून कोणी इथे येऊ नये. बारा तासांची शिफ्ट, रात्रपाळी, दिवाळी आणि थँक्सगिव्हिंगला ड्यूटी, पाठ-खांदे दुखणे. आणि सर्वात अवघड म्हणजे काही बाळे वाचत नाहीत. आमच्या शेजारच्या इनक्युबेटरमधले एक बाळ गेले तेव्हा त्याची नर्स कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आली आणि पाच मिनिटांत आमच्या मुलाला औषध द्यायला उभी राहिली.

एका नर्सकडे किती बाळे असावीत हाही चालू लढ्याचा विषय आहे. कॅलिफोर्नियात १९९९ च्या कायद्याने प्रमाण ठरले आणि ते २००४ पासून लागू झाले. तिथे एनआयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त बाळे देता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२३ मध्ये माउंट सायनाय आणि माँटेफिओरे इथल्या सुमारे सात हजार नर्सेस तीन दिवस संपावर गेल्या. मुख्य मागणी पुरेशा नर्सेसची होती. संपाआधी माउंट सायनायला एनआयसीयूतली बाळे दुसरीकडे हलवावी लागली होती. पुढे त्याच वर्षी तिथल्या एनआयसीयूत नर्सेस कमी ठेवल्याबद्दल लवादाने नर्सेसना सव्वा लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. आपण मध्यमवर्गीय माणसे संप म्हटले की नाक मुरडतो. पण तीन बाळे एका नर्सकडे आणि त्यातले एक आपले असेल तर?

आणि आपण?

आम्ही दोघेही संगणकवाले. आपल्या मंडळात निम्म्याहून अधिक घरांत हीच कथा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली तेव्हा कित्येकांची झोप उडाली. त्यात कोड लिहून देणारे एआय. आम्ही स्वतः ऑफिसात रोज त्याच्याशी काम करतो. मग मुलांना कशात घालावे, हा प्रश्न प्रत्येक जेवणाच्या टेबलावर आहे.

संगणक एनआयसीयूतही आहेतच. व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेली एक पद्धत बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवरून जंतुसंसर्गाचा धोका आधीच आकड्यात दाखवते. २०११ साली तीन हजार बाळांवरच्या चाचणीचे निकाल आले. तो आकडा स्क्रीनवर दिसत असलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १०.२ वरून ८.१ टक्क्यांवर आलेले होते. इंजिनिअर म्हणून आम्हाला याचा आनंद आहे. पण आकडा दिसल्यावर बाळापाशी जाऊन बघणारे, ठरवणारे आणि हात लावणारे कोणीतरी लागतेच. हे काम परदेशी पाठवता येत नाही.

तरीही आपण अडखळतो. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हाही पांढरपेशा घरांतून नाके मुरडली गेलीच होती. परक्याचे मलमूत्र, रात्रीची ड्यूटी, पुरुष रुग्ण! शंभर वर्षे झाली, देश बदलला, घराला तीन गाड्यांचे गॅरेज आले, पण ती अढी सूटकेसमधून बरोबर आली आहे. केरळच्या कितीतरी कुटुंबांना अमेरिकेत आणि आखातात उभे केले ते नर्स असलेल्या आयांनी. आमच्या मुलाची ती रात्रीची नर्सही मल्याळीच होती. आणि मुलगे? इथल्या आरएनमध्ये दर आठात साधारण एक पुरुष आहे. आपल्या मंडळात एकही नाही.

आपल्यातच एक वहिनी आहेत. सांगलीकडे बीएस्सी नर्सिंग करून चार वर्षे काम केलेल्या. इथे आठ वर्षे एच-४ वर घरी बसल्या. "नर्स आहे म्हणून सांगायला संकोच वाटायचा," असे त्यांनी परवा सांगितले. नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल तर एच-४ वर कामाचा परवाना २०१५ पासून मिळतो. भारतातली पदवी सीजीएफएनएसकडून (२०२५ पासून तिचे नाव ट्रूमेरिट) तपासून घेऊन, राज्याच्या बोर्डाकडे अर्ज करून एनक्लेक्स देता येते. त्या आता अभ्यासाला लागल्या आहेत. भारतातून थेट नर्स म्हणून ग्रीनकार्डवर येण्याचा रस्ता मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या त्याच लांब रांगेतून जातो, तेव्हा गावाकडच्या भाचीला उगाच आशा लावू नका.

शेवटी, त्या मुलीबद्दल. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जायच्या आधी आम्ही तिला घरी जेवायला बोलावले. तिने आमच्या मुलाची पायाची टाच पाहिली. तिथे रक्त तपासायला टोचलेल्या सुयांचे बारीक पांढरे ठिपके अजून आहेत. तिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग त्याने तिला विचारले, "तू डॉक्टर होणार?" ती म्हणाली, "नाही, नर्स." तो म्हणाला, "ओके," आणि खेळायला पळाला.

मंडळी, एवढे सोपे आहे ते. पुढच्या पार्टीत कोणी असे सांगितले तर निदान "अभिनंदन" म्हणू या. येत्या गणपतीत करिअर मार्गदर्शनाच्या तासाला दरवर्षीच्या आयटी, मेडिकल, फायनान्सच्या जोडीला नर्सिंगलाही एक खुर्ची असावी, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे. वहिनींनी बोलायचे कबूल केले आहे.

आपली मते जरूर कळवा.